बेटं अजून जुन्या सायबाकडेच का राहिली? मार्टिनिक, मायोट, प्युर्तो रिको आणि आपला गोवा

तारवटी_पेडणे

नमस्कार मंडळी. मी पेडण्याचा, नऊ वर्षं झाली क्रूझ शिपवर हाउसकीपिंगला आहे, सध्या व्हेकेशनवर घरी. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे आणि त्यावरून परवा घरी वडलांशी वादही झाला म्हणून इथे विचारतो, इथे इतिहास वाचलेली माणसं आहेत हे माहीत आहे.

आमचं जहाज हिवाळ्यात कॅरिबियनला असतं, आठवड्याला पाच-सहा बेटं. प्युर्तो रिकोच्या सान हुआनला उतरलं की अमेरिकेचा झेंडा, डॉलर, अमेरिकेचं पोस्ट. पुढे सेंट थॉमस, तेही अमेरिकेचंच पण ते त्यांनी 1917 साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतलेलं, माणसांसकट. मग सेंट मार्टिन, एवढंसं बेट आणि अर्धं डच अर्धं फ्रेंच, 1648 पासून असं वाटून घेतलंय आणि मधे चेकनाका म्हणून नाही, आपण कधी पलीकडे गेलो कळतसुद्धा नाही. मग डॉमिनिका, हे 1978 साली स्वतंत्र झालं, स्वतःचा झेंडा, झेंड्यावर पोपट. आणि त्याच्या दक्षिणेला मार्टिनिक, तिथे उतरलं की तुम्ही चक्क फ्रान्समधे, युरो, फ्रेंच पोलीस, फ्रेंच शाळा.

आता हवा स्वच्छ असली की डॉमिनिकावरून मार्टिनिक दिसतं. दोन्हीकडची माणसं एकच क्रेओल बोलतात. म्हणजे आमच्या तेरेखोल नदीसारखंच, अलीकडे पलीकडे बोली तीच, सोयरीक तीच, फक्त राज्य वेगळं. मार्टिनिकच्या राजधानीत, फोर-द-फ्रान्सला, एक टॅक्सीवाला माझ्या ओळखीचा झालाय, तो मूळ डॉमिनिकाचा. मी त्याला विचारलं तुझा गाव स्वतंत्र आहे ना मग तू इथे कसा, तर म्हणाला आईचं हार्टचं ऑपरेशन इथे झालं, तिकडे ती सोय नव्हती, मग राहिलोच. आणि मार्टिनिकची माणसं स्वातंत्र्य का मागत नाहीत असं विचारलं तर म्हणाला मागणारे आहेत पण थोडे, बाकीचे पेन्शन कुठून येणार ते आधी विचारतात.

हे मी बाबांना सांगितलं तर ते एकदम तापले. त्यांचा जन्म 1949 चा. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या तेव्हा ते सहा वर्षांचे होते, घरात सगळे दार लावून बसलेले आठवतात म्हणतात. त्यांचं म्हणणं, पाखल्यांना (पोर्तुगीजांना) घालवायला माणसं मेली, तुरुंगात सडली, आणि ही माणसं आपण होऊन त्यांच्याकडे राहतात, हे होऊच शकत नाही, त्यांना कोणी विचारलंच नसणार. मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न हा की ही बेटं राहिली ती स्वतःच्या मर्जीने की नाइलाजाने? आणि फ्रान्सचं मार्टिनिक आणि पोर्तुगालचा गोवा यात फरक नेमका काय होता? (धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट करायचा म्हणतोय, तो वाद वेगळाच आहे, पण त्याचाही धागा याच्यातच कुठेतरी आहे असं मला वाटतं.)

---

फोंड्याचा_मास्तर

तारवटी बाब, प्रश्न फार चांगला विचारलात आणि तुमच्या वडलांचा राग मला कळतो, पण मार्टिनिकच्या लोकांना विचारलं नाही हे तितकंसं खरं नाही. उलट तिथल्या लोकांच्या पुढाऱ्यांनीच ते मागून घेतलं.

1946 हे साल लक्षात ठेवा. 19 मार्च 1946 ला पॅरिसच्या संसदेने कायदा केला आणि मार्टिनिक, ग्वादलूप, रियुनियन आणि फ्रेंच गयाना या चार जुन्या वसाहतींना फ्रान्सचे जिल्हे केलं, डिपार्टमेंट म्हणतात ते. हा कायदा मांडणारा कोण, तर एमे सेझेर, मार्टिनिकचाच काळा कवी, कम्युनिस्ट खासदार, फोर-द-फ्रान्सचा मेयर. तुम्ही तिथे विमानाने उतरलात तर विमानतळाला नाव त्याचंच आहे. हा माणूस वसाहतवादाचा कडवा विरोधक होता, आणि तरी त्याने जिल्हा व्हायचं का मागितलं? कारण त्याचा हिशोब असा होता की बेटावर खरी सत्ता ऊसमळेवाल्या गोऱ्या मूठभर घराण्यांची, पॅरिसचे कायदे लागू झाले की मजुराला तिथल्या मजुराइतकी मजुरी, आजारपणाचा विमा, म्हातारपणी पेन्शन, हे सगळं हक्काने मिळेल. समान नागरिक म्हणता ना, मग समान द्या, अशी ती मागणी होती.

आणि त्याच 1946 मधे तीनच महिन्यांनी, 18 जूनला, आपल्या मडगावात काय झालं ते सांगायला नको. लोहिया भाषणाला उभे राहिले आणि त्यांना धरलं, कारण परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही, सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय काही छापायचं नाही. त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले पुढारी त्रिस्ताव ब्रागांझ कुन्यांना लष्करी कोर्टापुढे उभं करून आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. एकीकडे वसाहतीतला खासदार राजधानीत उभा राहून कायदा करून घेतोय आणि दुसरीकडे आपल्याच गावात तोंड उघडलं म्हणून माणूस जहाजातून तुरुंगात जातोय.

पुढे 1951 मधे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने घटना बदलली आणि वसाहत हा शब्दच काढून टाकला, गोवा म्हणे आता पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत. दिसायला फ्रान्सने केलं तेच. 1955 च्या डिसेंबरमधे पोर्तुगाल युनोत गेला, तेव्हा विचारणा झाली की तुमच्याकडे पारतंत्र्यातले प्रदेश कुठले, तर उत्तर दिलं एकही नाही. पण प्रांत म्हणून द्यायचं काय? खुद्द लिस्बनच्या माणसालाच खरं मत नव्हतं, एकच पक्ष, गुप्त पोलीस, तिथे फोंड्याच्या माणसाला कुठून मिळणार. मार्टिनिकच्या माणसाला जो कागद मिळाला त्याच्या मागे शाळा, दवाखाना, मतपेटी होती (तीही सगळी एकदम मिळाली नाही, किमान मजुरी फ्रान्सइतकी व्हायला 1996 उजाडलं, पन्नास वर्षं). आपल्या कागदामागे काहीच नव्हतं. युनोने 15 डिसेंबर 1960 च्या ठरावात गोवा, केप व्हर्दे, तिमोर वगैरेंची यादीच दिली की हे प्रांत नव्हेत, हे पारतंत्र्यातले प्रदेश आहेत.

तेव्हा बाबांना सांगा की ते बरोबर आहेत, गोव्यापुरते शंभर टक्के बरोबर आहेत. मार्टिनिकची गोष्ट वेगळी घडली.

एक गंमतीची माहिती, युरोची नाणी-नोटा आल्या तेव्हा 1 जानेवारी 2002 ला त्यातला पहिला अधिकृत सौदा पॅरिस-बर्लिनला नाही झाला, रियुनियन बेटावर सेंट-डेनिसच्या बाजारात झाला, घड्याळात पुढे असल्यामुळे. काय घेतलं, तर एक किलो लिची. हिंदी महासागरातलं बेट, मॉरिशसच्या शेजारचं, आणि युरोपची नोट तिथे पहिली चालली.

---

सत्तरीची_लेक

मास्तर, तुमचं मी नेहमी आदराने वाचते पण यावेळी एक बाजू राहिली आणि ती मला राहवत नाही म्हणून लिहिते, जरा लांबेल.

आमची सत्तरीत केळीची बागायत आहे. केळीच्या कंदात एक भुंगा शिरतो, आतून पोखरतो, झाड उभं दिसतं आणि वाऱ्याने आडवं होतं, ज्यांची केळी आहेत त्यांना कळेल मी काय बोलते. हाच भुंगा मार्टिनिक-ग्वादलूपला होता आणि त्यावर 1972 पासून क्लोरडेकोन नावाची पावडर झाडाच्या बुडाशी टाकायचे. अमेरिकेत ज्या कारखान्यात ती बनायची तिथले कामगार 1975 मधे विषबाधेने आजारी पडले, हातपाय थरथरायला लागले, तो कारखाना बंद झाला. 1979 मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने हे कॅन्सर करू शकतं म्हणून नोंदवलं. फ्रान्सने बंदी घातली 1990 ला. आणि या दोन बेटांवर? खास सवलत देऊन 1993 पर्यंत चालू ठेवली, मळेवाल्यांनी मागितली म्हणून. आज तिथल्या दहातल्या नऊपेक्षा जास्त मोठ्या माणसांच्या रक्तात ते सापडतं. माती काही शतकं तशीच राहणार म्हणतात, कंदमुळं लावायची चोरी, ओढ्यातले मासे खायची चोरी, किनाऱ्यालगत काही ठिकाणी मासेमारीला बंदी. लोकांनी 2006 ला फिर्याद केली, ती फिरत फिरत जानेवारी 2023 मधे पॅरिसच्या न्यायाधीशांनी बंद केली, फार वर्षं झाली म्हणून.

मला सांगा, पॅरिसच्या शेजारच्या शेतात 1990 ला बंद झालेलं विष बेटावर आणखी तीन वर्षं चालतं याला समान नागरिक म्हणायचं का?

आणि महागाई. खाण्यापिण्याच्या वस्तू मार्टिनिकमधे फ्रान्सपेक्षा साधारण 40 टक्के महाग आहेत, हा त्यांच्याच सरकारी आकडेवारीचा हिशोब. कारण सगळं जहाजाने फ्रान्सहून यायचं, आयात दोन-चार कंपन्यांच्या हातात, वर बेटाचा वेगळा सागरी कर. शेजारच्या डॉमिनिकात भाजी पिकते ती येत नाही आणि नऊ-दहा दिवस समुद्रातून आलेली पिशवीबंद येते. 2009 ला ग्वादलूप 44 दिवस बंद होतं याच कारणासाठी, 2024 च्या सप्टेंबरपासून मार्टिनिकमधे परत तेच, रस्ते अडवले, संचारबंदी लागली. आणि लक्षात घ्या त्या लोकांनी फ्रान्स सोडा अशी घोषणा दिली नाही, फ्रान्समधल्या दरात द्या अशी दिली.

पेन्शन मिळते म्हणून राहतात हे खरं असेल पण ती पेन्शन बाजारात दीडपट भावाने परत जाते, हेही त्या टॅक्सीवाल्याला विचारा पुढच्या वेळी.

---

तारवटी_पेडणे

ताई हे मला अजिबात माहीत नव्हतं. आणि आम्ही क्रूवाले फोर-द-फ्रान्सला उतरलो की काहीच विकत घेत नाही, सगळं डॉमिनिका नाहीतर सेंट मार्टिनला घेतो, एवढं महाग आहे हे माहीत होतं पण का ते आज कळलं.

सान हुआनचं पण कोणीतरी सांगा, तिथल्या माणसांकडे अमेरिकन पासपोर्ट आहे आणि तरी माझ्याबरोबर काम करणारी त्यांची एक बाई म्हणते आम्हाला मत नाही.

---

म्हापसा_1987

थोडक्यात सांगतो. प्युर्तो रिको 1898 च्या लढाईत स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं, 1917 ला नागरिकत्व मिळालं, 1952 ला स्वतःची घटना. पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, संसदेत एक प्रतिनिधी आहे त्यालाही अंतिम मतदानात मत नाही. तीच बाई उद्या फ्लोरिडाला राहायला गेली की तिथे नाव घालून मत देऊ शकते. म्हणजे नागरिक तीच, मत राहत्या जागेवर. फ्रान्सचं तसं नाही, रियुनियनवाला तिथे बसून राष्ट्राध्यक्ष निवडतो आणि पॅरिसला 7 खासदार पाठवतो.

तुम्ही जहाजावरचे म्हणून एक सांगतो, 1920 चा जोन्स कायदा वाचा. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकन मालकीचं, अमेरिकन खलाशांचं पाहिजे. बेटावर बहुतेक माल तिकडूनच येतो त्यामुळे भाडं जास्त. 2017 ला मारिया चक्रीवादळ झालं तेव्हा हा कायदा फक्त दहा दिवस बाजूला ठेवला. त्या वादळात सरकारी हिशोबाने 2,975 माणसं गेली, पहिला आकडा 64 सांगितला होता. आणि त्याच्या आधी 2016 ला कर्ज डोईजड झालं तेव्हा बेटाच्या पैशांवर देखरेखीला सात जणांचं मंडळ बसवलं, ते वॉशिंग्टनने नेमलेलं. निवडून दिलेला गव्हर्नर असून खर्चाला वरून मंजुरी. आम्ही केंद्रशासित असताना लेफ्टनंट गव्हर्नरकडे फाइल अडकायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल.

---

स्विंडनहून_बार्देशकार

पेडणेकर भावा, तुझ्या भावासाठी लिहितो, बाकीचे इतिहासाचं लिहितायत ते वाचतोय.

मी 2011 ला पोर्तुगीज पासपोर्टवर इथे इंग्लंडात आलो. लिस्बन मी बघितलं ते एकदाच, कागदांसाठी. इथे स्विंडनला आपली गोंयकार माणसं इतकी आहेत की रविवारी दुकानात कोंकणी ऐकू येते. 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्याची नोंद लिस्बनला करायची आणि मग मुला-नातवंडांची, हे तुला माहीत असेलच, बाबांचा जन्म 1949 म्हणजे दार उघडं आहे. पण त्याला नीट सांग, भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. एक घेतलं की दुसरं गेलं. मग परदेशी म्हणून ओसीआय कार्ड काढायचं, घरी येता येतं, राहता येतं, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गेल्या वेळी गावात पंचायत निवडणूक होती, शेजारी उभा होता ज्याच्याबरोबर मी शाळेत गेलो, आणि मी आपला बाहेर उभा. तो दिवस मला अजून टोचतो. त्यात इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं, 2020 संपेपर्यंत आलेले आम्ही राहिलो, नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर इथे तसं येता येत नाही. त्याला इंग्लंड डोक्यात असेल तर ते आता सरळ नाही, पोर्तुगाल-जर्मनी असेल तर भाषेपासून सुरुवात करायला लागेल. चांगल्या वकिलाला विचारल्याशिवाय एकही कागद सही करू नको म्हणावं, एजंटचं ऐकून तर अजिबात नको.

आता तुझ्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध सांगतो. सुरिनाम (बेट नव्हे ते, पण डचांचंच) 1975 ला स्वतंत्र व्हायचं ठरलं तेव्हा लोकांना कळलं की आता डच पासपोर्ट जाणार, तर स्वातंत्र्याच्या आधीच्या एक-दोन वर्षांत विमानं भरभरून माणसं हॉलंडला निघून गेली, त्यात आपल्या हिंदुस्थानी वंशाचे, ज्यांचे पणजोबा 1873 पासून मळ्यावर नेले होते ते फार. इथे मला कामावर एक भेटला होता, हॉलंडहून आलेला, भोजपुरीसारखं बोलतो आणि आजोबा म्हणायचा शब्दही आजाच. आणि शेजारी अरूबा, क्युरासाव यांनी ते बघितलं आणि पूर्ण स्वातंत्र्याचा नाद सोडला. 10 ऑक्टोबर 2010 ला डच अँटिलीस हा प्रकार मोडला तेव्हा क्युरासाव आणि सिंट मार्टेन राज्याच्या आतले वेगळे देश झाले, बोनेर वगैरे तीन लहान बेटं सरळ हॉलंडच्या नगरपालिका झाली, पण पासपोर्ट सगळ्यांचा डचच.

पासपोर्टपायी माणूस काय काय करतो ते मी स्वतःवरून सांगतो भावा. ज्याच्याकडे तो आधीच आहे तो कशाला सोडेल.

---

गोमंतक_अभिमानी

या सगळ्यात गोव्याला ओढू नका. गोवा बेट नव्हतं, भारताचा भाग होता, आहे. आमच्या माणसांनी रक्त सांडलंय. उद्या कोणी म्हणेल की आपल्याला 1961 ला कोणी विचारलं नाही, ही भाषा कुठून येते ते आम्हाला कळतं.

---

दिवाडीकर_आजोबा

अभिमानी, तुमच्या भावनेबद्दल मला आदर आहे, मीही त्याच मातीतला, 1961 ला मी शाळेत होतो आणि विमानातून टाकलेली पत्रकं गोळा केली होती. पण विचारू द्या पोरांना. आणि बेटाचं म्हणाल तर माझा सगळा जन्म बेटावर गेला, दिवाडी, चोडण, जुवें, कुंभारजुवें. आमच्या तालुक्याला पोर्तुगीज इल्हासच म्हणायचे, बेटं. 1510 ला आल्बुकर्कने घेतलं ते आधी हेच. तुमचे पेडणे, सत्तरी, फोंडा ही त्यानंतर अडीचशे वर्षांनी आली. फेरीबोट चुकली की रात्र पलीकडे काढायची हे मला माहीत आहे, लहान जागेतल्या माणसाला आधार कशाचा लागतो तेही.

मला विचाराल तर कोण कोणाकडे राहिलं यापेक्षा मी हे बघतो की विचारलं कोणाला, आणि विचारणाऱ्याने उत्तर ऐकून घेतलं का. तारवटी, तुमच्या वडलांचा प्रश्न तोच आहे आणि तो खरा आहे.

हिंदी महासागरातली शागोस बेटं घ्या. मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधी 1965 ला इंग्रजांनी ही बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, तीस लाख पौंड टेकवले, आणि त्यातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या बागांत काम करणारी दीड-दोन हजार माणसं होती, त्यांना 1968 ते 1973 मधे हलवून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर आणून सोडलं, हे रहिवासी नव्हेत, कंत्राटी मजूर आहेत असं कागदावर लिहून. त्यांना कोणीच विचारलं नाही. 2019 ला हेगच्या न्यायालयाने सांगितलं की हे तोडणं बेकायदा, 22 मे 2025 ला इंग्लंड आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या, बेटं मॉरिशसची आणि तळ 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्याही वेळी शागोसची माणसं लंडनमधे कोर्टाच्या दारात उभी होती की आमच्याशी कोण बोललं.

मायोटचं उलट. 1974 ला हिंदी महासागरातल्या कोमोरोसच्या चार बेटांत मतदान झालं, तिघांनी भरभरून स्वातंत्र्य मागितलं, मायोटच्या साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी नको म्हटलं. फ्रान्सने बेटनिहाय मोजलं आणि मायोट ठेवून घेतलं, युनोने त्यावर अनेकदा ठपका ठेवला की वसाहत एक होती, तुकडा का पाडला. पण मायोटच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल आम्हाला शेजारच्या बेटाखाली जायचं नव्हतं. 2011 ला तो फ्रान्सचा पूर्ण जिल्हा झाला, फ्रान्समधला सगळ्यात गरीब. अंजुआन बेट सत्तर किलोमीटरवर, 1995 पासून तिथल्या माणसाला व्हिसा लागतो, सख्खी बहीण पलीकडे असली तरी, म्हणून रात्री होड्यांतून येतात आणि बुडतात. किती बुडाले याचा पत्ता नाही. 2024 च्या डिसेंबरात चिदो वादळ झालं तेव्हा टेकड्यांवरची पत्र्याची घरं सगळी गेली, आणि मेलेले मोजता येईनात कारण त्यातले पुष्कळ नोंदीतच नव्हते.

आणि कॅरिबियनमधलं अँग्विला. 1967 ला या एवढ्याशा बेटाने सेंट किट्सबरोबर जायला नकार दिला, 30 मे ला सेंट किट्सच्या पोलिसांना बोटीत बसवून परत पाठवलं, मतदान घेतलं 1,813 विरुद्ध 5, आणि शेवटी परत इंग्रजांचं छत्र मागून घेतलं. आजही 30 मे हा त्यांचा सण. आपला घटक राज्य दिनही तोच, मला याची दरवर्षी आठवण होते. शेजारचं मोठं बेट आपल्याला गिळेल ही भीती दूरच्या सायबापेक्षा मोठी असते कधीकधी.

प्रशांत महासागरातल्या फ्रान्सच्या न्यू कॅलेडोनियात तर स्वातंत्र्य हवं का असं तीन वेळा विचारलं. 2018 ला 56.7 टक्के नको म्हणाले, 2020 ला 53.3, अंतर कमी होत चाललं. तिसरं 2021 च्या डिसेंबरात, तिथले मूळ रहिवासी कनाक लोक म्हणाले कोविडमधे आमची माणसं गेलीत, आमच्यात सुतक फार दिवस चालतं, पुढे ढकला. नाही ढकललं. त्यांनी बहिष्कार घातला आणि निकाल लागला 96.5 टक्के फ्रान्सबरोबर. असल्या आकड्याला काय किंमत? मग 2024 ला मतदार यादीत बाहेरून येऊन दहा वर्षं राहिलेल्यांना घ्यायचं विधेयक आणलं आणि मे महिन्यात राजधानी नुमेआ पेटलं. यादीत कोण, यावर सगळं अडलंय. गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता अभिमानींच्या प्रश्नाला उत्तर देतो, टाळत नाही. 1961 ला पोर्तुगालने गोंयकाराला विचारायची सोयच ठेवली नव्हती, चौदा वर्षं नेहरूंचं बोलणं ऐकलं नाही, मागणी केली तो तुरुंगात. सैन्य आलं, 36 तासांत संपलं. पण पुढे काय केलं ते बघा. दोन वर्षांत, डिसेंबर 1963 ला, प्रौढ मतदानाने निवडणूक आणि खाणमालक का होईना पण बहुजन समाजातले बांदोडकर मुख्यमंत्री. तीन वर्षांनी 16 जानेवारी 1967 ला सार्वमत, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, आणि ते नीट व्हावं म्हणून बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. वेगळं राहायला 1,72,191, महाराष्ट्रात जायला 1,38,170. दिल्लीला आणि मुंबईला काहीही वाटत असो, आकडा मानला.

आणि दुसरीकडे पोर्तुगालचंच अर्धं बेट, पूर्व तिमोर. 1975 ला पोर्तुगाल निघून गेला, 7 डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. तेही म्हणाले आम्ही शेजारी, आम्ही सोडवायला आलो. त्यांनी चोवीस वर्षं विचारलं नाही. 1999 मधे विचारलं तेव्हा 78.5 टक्के लोक म्हणाले तुम्ही नको, आणि निघताना गावं जाळली. 20 मे 2002 ला ते स्वतंत्र झाले आणि राज्यभाषा केली तेतुम, बरोबर पोर्तुगीज. जी भाषा आपण इथे सोडली ती त्यांनी मुद्दाम धरली, कारण मधल्या चोवीस वर्षांत ती विरोधाची भाषा झाली होती.

मॉरिशसची आठवण काढली म्हणून एक सांगतो. तिथे रत्नागिरीकडून ऊसमळ्यावर नेलेली आपली मराठी माणसं आहेत, शाळेत मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्या देशातही 1967 लाच, ऑगस्टमधे, स्वातंत्र्याच्या प्रश्नावर निवडणूक झाली आणि जवळजवळ 44 टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांना पडली. पण ती माणसं पुढे मॉरिशसचीच होऊन राहिली.

---

सत्तरीची_लेक

आजोबा, तुमचं दोनदा वाचलं. मायोटचं वाचून गप्प बसले. बहिणीला भेटायला व्हिसा.

फक्त एक भर घालते, मोठ्या देशांना ही बेटं परवडतात कशी असं सगळे विचारतात. परवडतात कारण समुद्र. प्रत्येक बेटाभोवती 200 सागरी मैलांचा पट्टा त्या देशाचा, म्हणून फ्रान्सकडे जगातला दुसऱ्या नंबरचा सागरी पट्टा आहे, जवळजवळ एक कोटी चौरस किलोमीटर आणि त्यातला बहुतेक युरोपात नाहीच. न्यू कॅलेडोनियात निकेल आहे. प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात 1966 ते 1996 फ्रान्सने 193 अणुचाचण्या केल्या, त्या काही स्वतःच्या ब्रिटनी प्रांतात केल्या नसत्या. पेन्शनचा हिशोब मांडताना हाही कॉलम मांडायला हवा.

---

गोमंतक_अभिमानी

दिवाडीकर काका, तिमोरचं मला ठाऊक नव्हतं इतकं. 1963 आणि 67 चा मुद्दा मान्य. मी जरा रागात लिहिलं.

---

तारवटी_पेडणे

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. काल रात्री जेवणं झाल्यावर हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, चष्मा सापडेना म्हणून. कुन्यांचं आणि पेनिशचं ऐकताना ते मधे मधे मान हलवत होते. सेझेरचं ऐकून म्हणाले, म्हणजे त्याने त्यांच्याच कायद्याने त्यांना धरलं.

मग 1967 चा आकडा आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं. आमच्या घरात त्यावेळी सगळे विलीनीकरणवाले, पेडण्यात बहुतेक घरं तशीच. निशाणी फूल, समोरच्यांची दोन पानं. बाबा अठरा वर्षांचे, तेव्हा मत एकविसाव्या वर्षी मिळायचं म्हणून त्यांना नव्हतं, आजोबांनी फुलावर शिक्का मारला होता. निकाल लागला त्या रात्री आजोबा जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बैल घेऊन शेतावर गेले, एवढंच बाबांनी सांगितलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

बार्देशकार, भावालाही तुमचा मेसेज वाचायला दिलाय. तो अजून करायचंच म्हणतोय पण निदान एजंटला दिलेली फाइल परत आणली, आता पणजीला वकिलाकडे जाणार. तुम्हाला एक-दोन कागदांचं विचारायचं आहे, पर्सनल मेसेज करतो.

सत्तरीताई, माझं जॉइनिंग पुढच्या महिन्यात आहे, त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात जहाज फोर-द-फ्रान्सला लागतं. त्या टॅक्सीवाल्याचा मेहुणा केळीच्या मळ्यावर होता असं तो एकदा बोलला होता. त्या पावडरीचं विचारतो आणि तुम्हाला इथेच कळवतो.